संगणकाची मेमरी वाढविताना : सुसंगततेचा प्रश्न

प्रस्तावना :
महाविद्यालयातील संगणक मंदावले की दोनच उपाय सुचविले जातात : नवे संगणक घ्या, अथवा रॅम वाढवा. पहिल्यासाठी निधीची वाट पाहावी लागते. दुसरा स्वस्त व सोपा वाटतो आणि पुष्कळदा तो तसा असतोही. तथापि रॅम ही कोठूनही आणून कोणत्याही यंत्रात बसविता येईल अशी वस्तू नव्हे. २०१९ मध्ये आमच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेल्या दहा पट्ट्या स्लॉटमध्ये नेमक्या बसल्या, परंतु एकाही संगणकाचा पडदा उजळला नाही. खरेदी समितीत प्रस्तुत लेखकही होता. त्या चुकीच्या निमित्ताने झालेला अभ्यास येथे मांडला आहे.

पिढी आणि खाच :
मूळ डीडीआर मेमरीच्या पट्टीला १८४ पिना असतात. डीडीआर-२ व डीडीआर-३ ला २४०, तर डीडीआर-४ व डीडीआर-५ ला २८८. पिना समान असल्या तरी पट्टीवरील खाचेची जागा प्रत्येक पिढीत बदललेली आहे, कारण त्यांचा विद्युतदाबही भिन्न आहे : अनुक्रमे २.५, १.८, १.५, १.२ व १.१ व्होल्ट. म्हणून खाच जुळत नसेल तर जोर लावू नये. तसेच अगदी लहान आकाराच्या काही डेस्कटॉप संगणकांत लॅपटॉपची आखूड पट्टी लागते, हेही आधी पाहावे.

खाच जुळूनही अपयश :
आमची चूक याच्या पुढची होती. संगणकांत इंटेलचा २००८ मधील जी-४१ चिपसेट होता. मदरबोर्डला दोन स्लॉट होते व माहितीपुस्तिकेत कमाल मर्यादा ८ जीबी दिलेली होती. त्यामुळे ४ जीबीची डीडीआर-३ पट्टी चालेल, हे विक्रेत्याचे म्हणणे आम्हाला रास्त वाटले. पण ४ जीबीची पट्टी दोन प्रकारे घडविता येते : प्रत्येकी २ गिगाबिटच्या १६ चिप्स, किंवा प्रत्येकी ४ गिगाबिटच्या ८ चिप्स. दुकानात क्षमता, किंमत, वेग सारेच सारखे दिसते. मात्र ४ गिगाबिटच्या चिपमधील सर्व ओळींपर्यंत पोहोचण्यासाठी पत्त्याचा एक बिट अधिक लागतो. जी-४१ मधील मेमरी नियंत्रक २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप्ससाठी रचलेला आहे. मोठी चिप त्याला नीट वाचता येत नाही. आमच्या पट्ट्यांच्या एकाच बाजूस आठ चिप्स होत्या. दोन्ही बाजू भरलेल्या, सोळा चिप्सच्या पट्ट्या बदलून आणल्या आणि तेच संगणक सुरू झाले. पुस्तिका चुकलेली नव्हती, आम्ही ती अर्धीच वाचली होती!

जुन्या बाजारात सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड पट्ट्या स्वस्तात मिळतात. त्या सामान्य डेस्कटॉपवर चालत नाहीत.

जुनी व नवी पट्टी एकत्र :
२४०० वेगाच्या डीडीआर-४ पट्टीशेजारी ३२०० ची बसविल्यास दोन्ही सहसा कमी वेगाने चालतात; तोटा एवढाच. शक्य असल्यास समान क्षमतेची जोडी घ्यावी, म्हणजे दोन्ही मार्गांनी एकाच वेळी माहिती वाहते. चार स्लॉट असतील तर जोडीसाठीचे स्लॉट पुस्तिकेत पाहावेत. प्रोसेसरकडून मोजल्यास ते बहुधा दुसरा व चौथा असतात. विंडोजची ३२-बिट आवृत्ती असेल, तर ४ जीबीपलीकडील मेमरीचा सर्वसाधारणपणे उपयोग होत नाही.

खर्च करावा का :
विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जी-४१ च्या काळातील प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर चढले. आमच्या मते अशा यंत्रावर लिनक्स वापरून सी किंवा पायथनची प्रात्यक्षिके घ्यायची असतील तरच हा खर्च समर्थनीय ठरतो. कार्यालयीन कामासाठी नाही.

खरेदीपूर्वी सीपीयू-झेड या मोफत प्रणालीत मदरबोर्डचे नाव व सध्याच्या पट्टीची माहिती पाहावी. पुस्तिकेत कमाल क्षमतेबरोबरच प्रत्येक स्लॉटची मर्यादा व चिपची घनता शोधावी. मागणीपत्रात केवळ ‘४ जीबी रॅम’ असे न लिहिता पिढी, वेग, चिप्सची संख्या व मदरबोर्डचे नाव नोंदवावे. प्रथम एकच पट्टी आणावी, मेमटेस्ट-८६ रात्रभर चालवून ती तपासावी, आणि उरलेल्या पट्ट्यांची मागणी दुसऱ्या दिवशी द्यावी.