खिळ्यांपेक्षा पट्टा

२०२५ च्या नोव्हेंबरात जुन्नर वनविभागातल्या काही गावांतल्या बायका आणि माणसं गळ्यात एक नवीच वस्तू घालून रानात जाऊ लागली. गळ्याभोवती बसणारा रुंद पट्टा आणि त्यावर बाहेरच्या बाजूला रोखलेले अणकुचीदार खिळे. राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसाच, फक्त माणसाच्या मापाचा. त्याआधीच्या महिन्याभरात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलं आणि एक म्हातारी बाई गेली होती, मंचरला लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला होता आणि अखेर एक बिबट्या गोळी घालून मारला गेला होता. पिंपरखेड आणि जांबूत ही गावं शिरूर तालुक्यातली, पण आंबेगावच्या शेजारची. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके एकाच वनविभागात येतात, आणि चारही तालुक्यांत जिथे पाट पोचला तिथे ऊस पोचला आहे. या गळपट्ट्याचे फोटो देशभर फिरले ते त्या खिळ्यांमुळे. माझं म्हणणं असं की नजर खिळ्यांवर गेली आणि विचार करायचा राहिला तो पट्ट्याचा. माणसाचा जीव वाचणार असेल तर तो पट्ट्याची रुंदी, जाडी, बसण आणि बक्कल यांच्यामुळे वाचेल. खिळे नसले तरी फार बिघडणार नाही. काही कामांत तर ते नसलेलेच बरे.

आधी काम नीट पाहायला हवं, कारण बिबट्याला माणूस कसा दिसतो हे कामावरच ठरतं. ऊस तोडताना कोयता जमिनीलगत बसावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त आणि वर ठेवलेलं खोड खोडव्याला त्रास देतं. म्हणून तोडणारा माणूस कमरेत पूर्ण वाकतो. पाठ आडवी, मान पुढे आलेली, मानेची मागची बाजू आभाळाकडे. खुरपणी बसून, गवत कापणं बसून, धार काढणं बसून. रात्रपाळीची वीज असली की पाण्याचं दार मोडायला माणूस अंधारात वाकतो. उभा माणूस बिबट्याच्या सावजासारखा दिसत नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस मात्र उंचीने शेळी-कुत्र्याच्या जवळ येतो, आणि लहान मूल तर उभं असतानाही तेवढंच असतं. बिबट्या दबा धरून येतो, बहुधा मागून किंवा बाजूने, आणि पकड घेतो ती मानेवर किंवा नरड्यावर. लहान सावजाची मान मागून धरायची, मोठ्याचं नरडं दाबून धरायचं, ही त्याची रीत. वाकलेल्या माणसाची उघडी पडलेली मान नेमकी त्याच उंचीवर, त्याच कोनात असते. गळपट्ट्याची कल्पना इथून निघते आणि ती मुळात बरोबर आहे.

गळपट्टा हेही एक चिलखतच. खरं चिलखत आणि चिलखतासारखं दिसणारं काहीतरी यातला फरक समजायला एका अगदी वेगळ्या जागेचं उदाहरण उपयोगी पडतं. एअरसॉफ्ट नावाचा लुटुपुटूच्या लढाईचा खेळ आहे. त्यात सहा मिलिमीटरचे, साधारण ०.२ ग्रॅम वजनाचे प्लॅस्टिकचे छर्रे सुटतात. सेकंदाला शंभर मीटर वेग धरला तर छर्ऱ्याची ऊर्जा एक ज्यूल भरते. एके-४७ च्या गोळीची ऊर्जा सुमारे दोन हजार ज्यूल असते. सैनिकाच्या जाकिटातली सिरॅमिकची प्लेट त्या गोळीसाठी असते. एकेका प्लेटचं वजन अडीच-तीन किलोपर्यंत जातं आणि ती आपटली तर आतून तडकू शकते. बुलेटप्रूफ जाकिटांसाठी आपल्याकडे आयएस १७०५१ हे २०१८ चं मानक आहे. त्यात कोणत्या गोळीपुढे काय टिकलं पाहिजे हे ठरवून दिलेलं आहे आणि नमुन्यांवर गोळ्या झाडून ते तपासतात. खेळाडूसमोर प्रश्न असतो की खरी प्लेट घ्यावी की तिची हलकी प्लॅस्टिकची नक्कल. उत्तर सोपं आहे. एक ज्यूलपुढे छातीवर नक्कल पुरते, खरी प्लेट फक्त दम काढते. पण त्याच खेळात डोळ्यांवरचा चष्मा मात्र अस्सलच लागतो. आघात सोसणारा म्हणून तपासलेला, बाजूंनी बंद. तोच छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणजे चिलखत आख्खं खरं की आख्खं खोटं असा हा प्रश्न नसतो. समोरून काय येणार आहे आणि ते कुठे लागणार आहे हे ठरलं की कोणता भाग खरा हवा आणि कोणता नुसता दिसायला चालेल हेही ठरतं.

हीच कसोटी गळपट्ट्याला लावली की खिळे दुय्यम ठरतात. दात मानेत उतरायचा तर जबड्याने मान कवेत घ्यावी लागते. मानेभोवती दोन बोटं जाडीचं, न दबणारं काहीतरी असलं तर तो घेर वाढतो, आणि दात शिरेपर्यंत पोचण्याआधी त्याला ती जाडी पार करावी लागते. हे काम पट्ट्याची जाडी करते. खिळा बिबट्याच्या तोंडाला टोचेल, तो कदाचित पकड सोडेल, ही आशा खोटी म्हणता येणार नाही. पण ती जनावराच्या मर्जीवर अवलंबून असलेली आशा आहे. पट्टा मऊ असेल तर दाबाखाली खिळ्याचं बूड उलट आत, घालणाराच्याच मानेत रुतेल. पट्टा अरुंद असेल तर दात त्याच्या वर, कवटीच्या बुडाशी किंवा खाली खांद्याजवळ बसेल. बक्कल सैल असेल तर ओढाताणीत पट्टा फिरेल आणि जोडाची कमजोर बाजू पुढे येईल. या तिन्ही उणिवा फोटोत दिसत नाहीत. खिळे दिसतात. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या भेटीला जाताना अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, ही गोष्ट या भागातल्या पोराटोरांनाही पाठ असते. त्या दिवशी उपयोगी पडलेलं लोखंड बाहेरून दिसत नव्हतं. वाराची जागा आधी ओळखून ते तिथे घातलेलं होतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की खिळ्यांचा पट्टा शेकडो वर्षं चालत आलेला आहे, तो उगाच टिकला का? हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बिबट्यासाठीच असे लोखंडी काटेरी पट्टे असतात, आणि ते उपयोगी पडतात म्हणूनच घातले जातात. आक्षेप वजनदार आहे. पण कुत्रा मोळी उचलत नाही आणि पोराला कडेवर घेत नाही. ऊसतोडणीची बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. मान किंचित कलली तरी खिळा खांद्याला, हनुवटीला लागतो. तिचं तान्हं मूल कोपीत किंवा बांधावर असतं, रडलं की ती ते उचलते, आणि मुलाचा चेहरा नेमका तिच्या गळ्याशी येतो. कडबाकुट्टी यंत्रापाशी वाकताना बाहेर आलेला खिळा पदरात, दोरीत, यंत्राच्या पट्ट्यात अडकला तर काय होईल हे सांगायला नको. कुत्र्याची वस्तू माणसाच्या गळ्यात घालताना फक्त माप बदललं, काम कुणी पाहिलं नाही. गुळगुळीत, ताठ, आतून अस्तर लावलेला आणि जोराचा झटका बसला तर माणसाला एका हाताने सोडवता येईल असा पट्टा या कामात जास्त चालेल. त्यावर खिळे हवेतच असं कुणाला वाटत असेल तर ते मानेच्या मागच्या बाजूला, बोथट आणि आखूड असावेत.

दुसरं उदाहरण सुंदरबनचं दिलं जातं. तिथे १९८६ मध्ये वनखात्याने जंगलात जाणाऱ्या लोकांना डोक्याच्या मागे लावायला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले. वाघ मागून येतो, चेहरा दिसला की बिचकतो, असा हिशेब. सुरुवातीच्या काळात मुखवटा घातलेल्यांवर हल्ले झाले नाहीत. म्हणजे निव्वळ नक्कलही जीव वाचवू शकते, मग दिसण्याला कमी का लेखायचं? कारण तिथे ती नक्कल वाघाच्या नजरेसाठी होती आणि चालणाऱ्या, उभ्या माणसाच्या पाठीवर होती. उसात वाकलेल्या माणसाच्या डोक्यामागचा मुखवटा आभाळाकडे तोंड करून राहील. शिवाय उसाच्या दाटीत बिबट्या चार-पाच हातांवरून झेप घेतो, तिथे त्याला खिळे पाहून विचार करायला जागा नसते. नक्कल चालते ती समोरच्याला पाहायला वेळ मिळतो तिथे. इथे तो मिळत नाही, म्हणून इथे अडवणारी वस्तू हवी.

लाजेचाही एक आक्षेप आहे, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटतो. माणसाने कुत्र्याचा पट्टा घालून स्वतःच्या रानात जायचं? सरकारने बिबटे उचलून न्यावेत, लोकांनी गळे का बांधावेत? या रागाला कारण आहे. पण बिबटे उचलून नेण्याचा प्रयोग याच भागात झालेला आहे आणि त्याचा हिशेबही उपलब्ध आहे. २००१ पासून जुन्नर परिसरात बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते सतरावर गेले आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. परक्या मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या उसात दुसरं येऊन बसतं. आज पकडलेल्या बिबट्यांना माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवलं जातं, पण त्या पिंजऱ्यांनाही मर्यादा आहे. माणसं मारणारा ठराविक बिबट्या हटवावा लागतो, त्याबद्दल दुमत नाही. मात्र ऊस आहे, उसाजवळ कुत्री, शेळ्या, वासरं आहेत, तोवर कुठला ना कुठला बिबट्या असणार. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणजे त्याचं जेवण वस्तीभोवती आहे आणि माणूस त्याच्या वाटेत वाकलेला सापडतो. लाजेचं म्हणाल तर दुचाकीवर हेल्मेट घालणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. लाज वाटावी ती ज्यांनी न तपासलेली वस्तू बाईच्या गळ्यात घातली आणि आता तू सुरक्षित आहेस असं सांगितलं त्यांना.

पट्टा सगळं झाकत नाही, हेही मान्य करायला हवं. बिबट्याच्या हल्ल्यातल्या जखमा डोकं, चेहरा आणि हातांवरही होतात. लहान मुलांचं तर डोकंच जबड्यात येऊ शकतं. मुलासाठी पट्ट्याचा भरवसा धरणं चूक आहे, तिथे मोठ्या माणसाचा हात धरलेला असणं हाच उपाय. पण अर्धं झाकतं म्हणून टाकून द्यावं हे बरोबर नाही, कारण झाकलेला अर्धा भाग जीव जाण्याचा आहे. तपासणीही फार अवघड नाही. निवारा केंद्रात बिबट्यांना मांस दिलंच जातं. त्यातले काही तुकडे बिनखिळ्याच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्यांत गुंडाळून दिले आणि नंतर दात कुठवर उतरले हे मोजलं, तर चामडं किती पदरी लागतं, प्लॅस्टिकचा पत्रा टिकतो की फुटतो, शिवण कुठे उसवते हे जनावराला इजा न करता कळेल. ज्या वस्तूवर माणसाचा जीव टांगायचा, तिच्यावर एवढी मेहनत घ्यायलाच हवी.

शेवटचा मुद्दा वजनाचा आणि घामाचा. उसाच्या पात्याची धार मानेला आधीच ओरखडे काढते, त्यात कूस, धूळ, घाम. जाड रेक्झिनचा पट्टा दुपारपर्यंत ओला होतो, खाली पुरळ उठतं, आणि तो काढून बांधावरच्या बाभळीला अडकवला जातो. ही बेपर्वाई नव्हे. असह्य होणारी वस्तू कुणीही काढणारच. म्हणून अस्तर सुती आणि सुटं करून धुता येईल असं हवं, मागे जाड आणि पुढे श्वासाला जागा ठेवणारं, आणि वजन एवढंच की ते विसरता यावं. कारण पट्ट्याची खरी गरज भर दुपारी कमी असते. ती असते दिवेलागणीला, जेव्हा बाई रानातून परत येऊन गोठ्यात गाईच्या कासेशी उकिडवी बसते, तिची पाठ उसाकडे असते आणि दिवसभराचा पट्टा तिने नुकताच उतरवून खुंटीला टांगलेला असतो.