क्लच जळतो कोणाच्या पायाने?



गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी खात्याकडे उसाच्या तक्रारींबरोबर एक वेगळीच तक्रार येऊ लागते. ती रोगाची नसते, खताची नसते आणि तोडपाळीचीही नसते. "ट्रॅक्टरचा क्लच गेला जी. मागच्या सालीच तं प्लेट टाकली होती!" ट्रॅक्टर पांदणीत उभा, ट्रॉली भरलेली, तोडणी टोळी बसून आणि मिस्त्री अकोटला, असा हा प्रसंग असतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही नेहमी सांगतो. त्यापुढे जितका उशीर, तितके वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणजे जळलेल्या क्लचचा खर्च मिस्त्रीच्या बिलात संपत नाही, तो काट्यावरही कापला जातो.

ऊस विकास खात्याने यंत्रावर का लिहावे, असे कोणी विचारील. लागणीच्या बेण्यापासून गव्हाणीपर्यंत ऊस हा आमचाच विषय आहे आणि वाटेत तो अडला तर ती अडचणही आमचीच आहे. शिवाय हाच ट्रॅक्टर हिवाळाभर कापूस घेऊन अकोटच्या बाजारात उभा असतो. तेव्हा हा विषय सर्वांच्याच कामाचा आहे.

सांगायची गोष्ट एकच आहे. क्लच किलोमीटरने झिजत नाही, घसरण्याने झिजतो. आणि घसरण्याची सुरुवात पुष्कळदा ड्रायव्हरच्या पायाच्याही आधी, मालकाच्या हिशेबात झालेली असते.

क्लचचे काम काय?

इंजिनच्या मागे जड फ्लायव्हील फिरत असते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी लायनिंग लावलेली क्लच प्लेट असते आणि त्या प्लेटला स्प्रिंगांच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट असते. पाय पेडलवरून उचललेला असताना हे तिन्ही एक होऊन फिरतात. तेव्हा काही घासत नाही आणि काही झिजत नाही. पेडल पूर्ण दाबले की प्लेट मोकळी होते. तेव्हाही लायनिंग झिजत नाही. झीज होते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो त्यात. इंजिनवर सपाट पट्टा लावून पंप किंवा चक्की चालवलेल्या जुन्या मंडळींना पट्टा घसरल्यावर येणारा जळका वास आठवत असेल. क्लचचा वास तोच आहे. फरक इतकाच की पट्टा डोळ्यांसमोर होता आणि क्लच झाकणाच्या आत आहे.

गाडी जागची हलताना थोडे घसरणे होणारच, ते काम क्लचचेच आहे. प्रश्न किती वेळ आणि किती जोराने घसरतो याचा आहे.

दुपटीला चौपट, चौपटीला सोळापट

उभी गाडी सुरू करताना इंजिनकडची बाजू फिरत असते आणि चाकांकडची थांबलेली असते. दोन्हींचा वेग एक होईपर्यंत प्लेट घासते. इंजिनच्या फेऱ्या एकसारख्या ठेवल्या, तर सपाट सडकेवरसुद्धा या घासण्यात निदान तेवढी उष्णता निघते, जेवढी गतीची ऊर्जा त्या वेळेपर्यंत गाडीला मिळालेली असते. याचा अर्थ सोपा आहे. ओझे दुप्पट केले तर प्लेटमधली उष्णता दुप्पट होते. परंतु दुप्पट वेगाच्या गिअरात गाडी उठवली तर ती चौपट होते. ताशी ३ किलोमीटर चालीच्या गिअराऐवजी ताशी १२ किलोमीटरच्या गिअरात भरलेली ट्रॉली उठवली, तर दर वेळी प्लेटला सोळापट उष्णता सोसावी लागते.

आता आपल्या ट्रॅक्टरांची एक अडचण येथे सांगितली पाहिजे. मोटारीत पहिल्या गिअरात गाडी उठवून पुढचे गिअर चालत्या गाडीत टाकता येतात. कित्येक ट्रॅक्टरांच्या गिअरबॉक्सची रचना तशी नसते. ओझे घेऊन चालताना गिअर बदलू गेले तर खरखर होते किंवा ट्रॅक्टर थांबतो. म्हणून ड्रायव्हर ज्या गिअरात सडकेवर पळायचे, त्याच मोठ्या गिअरात उठतो. ही त्याची मस्ती नव्हे, यंत्राची मर्यादा आहे. तरीही उपाय आहे. शेतातून व पांदणीतून बाहेर निघेपर्यंत लो गिअरच ठेवावा. सडकेवर आल्यावर थांबून, काम भागेल असा लहानात लहान हाय गिअर घ्यावा, रेस कमी ठेवावी आणि पेडल सावकाश पण अडून न राहता पूर्ण सोडावे. ज्यांच्या ट्रॅक्टरचे गिअर चालत्या गाडीत बदलतात, त्यांनी तर मोठ्या गिअरात उठण्याचे काही कारणच नाही.

चढावर पायाने तोललेली गाडी

अकोट-तेल्हाऱ्याच्या उत्तरेला, पोपटखेड, हिवरखेड, वारी या सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूला चढउतार आहेत. दक्षिणेला पूर्णेकडे जमीन सपाट, पण काळी आणि चिकट. दोन्हीकडे क्लचचा छळ होतो, फक्त तऱ्हा वेगळी.

चढावर पुढची गाडी थांबली की काही जण ब्रेक न लावता हाफ क्लचवर ट्रॅक्टर तोलून धरतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून १२ टन असतील आणि चढ वीस फुटांना एक फूट असेल, तर खाली ओढणारा जोर सुमारे ६०० किलो असतो. ताशी ३ किलोमीटरच्या गिअरात, त्या चालीच्या फेऱ्यांवर इंजिन ठेवून हे ओझे तोलून धरले, तर प्लेटमध्ये सुमारे ५ किलोवॅट उष्णता तयार होते. म्हणजे एक किलोवॅटच्या पाच विजेच्या शेगड्या त्या बंद पेटीत पेटवल्यासारखे झाले, आणि गाडी तर इंचभरही पुढे गेलेली नाही! मोठ्या गिअरात हा आकडा आणखी वाढतो. अशा वेळी ब्रेक दाबून गाडी न्यूट्रल करावी आणि चाकामागे दगड किंवा लाकडी ओट लावावी.

उतारावर उलटी चूक होते. लहान गिअर पडलेला असताना डिझेल वाचवण्यासाठी क्लच दाबून ट्रॅक्टर सोडून देतात. मग चाके प्लेटला इंजिनपेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरवतात आणि लायनिंग उखडून फुटू शकते. त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. भरलेल्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. इंजिनची ओढ सुटली की सगळे ओझे ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आणि चालवणाऱ्याच्या नशिबावर येते. उतारावर क्लच दाबू नये, हा नियम प्लेटसाठी नंतर आणि माणसासाठी आधी आहे.

चिखलात फसलेली ट्रॉली रेस देऊन, क्लच सोड-दाब करत झटक्याने काढणे हा तर प्लेट जाळण्याचा खात्रीचा मार्ग. परतीचा पाऊस लांबला असेल तर वावरातून दोन ट्रॉल्या एकदम ओढू नयेत. एकेक ट्रॉली सडकेवर आणावी आणि तेथे जोडावी. अर्धा तास जास्त लागेल, पण दिवस वाचेल.

पेडलची मोकळी चाल

पुष्कळांना पेडलवर पाय टेकवून बसण्याची सवय असते. काट्यापुढची रांग असो की कापूस बाजारातली, इंच-इंच सरकताना पाय तेथेच. वजन थोडेच पडते, पण तेवढ्याने रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना टेकून फिरत राहते आणि स्प्रिंगांचा दाब काही अंशी हलका होतो. मग ओझ्याखाली प्लेट घसरते.

यातली एक खुबी सर्वांनी समजून घ्यावी. लायनिंग झिजत जाते तसतशी प्रेशर प्लेटची बोटे बेअरिंगच्या जवळ येतात. त्यामुळे दांडी किंवा केबलच्या क्लचमध्ये पेडलची मोकळी चाल, ज्याला मिस्त्री फ्री प्ले म्हणतात, ती आपोआप कमी होत जाते. ती संपली की कोणी पाय न ठेवताही पाय ठेवल्यासारखेच होते. प्लेट घसरते, म्हणून झिजते आणि झिजते म्हणून आणखी घसरते. दोन पान्यांचे पाच मिनिटांचे काम वेळेवर न केल्याने चांगली प्लेट अशी खलास होते. चाल किती ठेवावी ते प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते. ते पुस्तक देव्हाऱ्यामागे न ठेवता उघडावे. चाल प्रमाणाबाहेर जास्त ठेवली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना दात वाजतात. तेव्हा "जास्त ठेवा, सुरक्षित राहील" हेही बरोबर नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी

प्लेट जळाली की पहिला आळ ड्रायव्हरवर येतो. काही ठिकाणी प्लेटची किंमत त्याच्या पगारातून कापण्याचीही रीत आहे. आम्ही येथे स्पष्ट लिहितो. ट्रॉलीवर ऊस किती चढवायचा हे सालदार ठरवत नाही. दोन ट्रॉल्या जोडायच्या की एक, हे तो ठरवत नाही. रात्रीतून तिसरी खेप झालीच पाहिजे, हेही तो ठरवत नाही. चाल तपासायला सकाळची दहा मिनिटे त्याला कोणी देत नाही. ज्याचा निर्णय, त्याचीच जबाबदारी, हा सहकाराचा साधा न्याय आहे. तो आपण कारखान्याच्या सभेत मागतो, तसा आपल्या अंगणातही पाळला पाहिजे. ड्रायव्हरचा पाय पेडलवर विसावत असेल तर त्याला जरूर सांगावे. परंतु पगार कापला म्हणून प्लेट जास्त टिकली, असे आम्ही पाहिलेले नाही. ओझे बेताचे ठेवले आणि चाल वेळेवर तपासली, म्हणजे टिकते.

वेळीच ओळखावे कसे?

रेस दिल्यावर इंजिन ओरडते पण गाडी तितकी पळत नाही, चढावर जळका वास येतो, ही घसरण्याची लक्षणे होत. गाडी उठताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल आले असण्याचा संभव असतो. मागचे ऑइल सील पाहावे. पेडल दाबताच कुरकुर आवाज आला तर रिलीज बेअरिंगची शंका घ्यावी.

घरच्या घरी परीक्षा अशी. मोकळ्या सपाट जागी, पुढे-मागे कोणी नाही याची खात्री करून ब्रेक पक्का लावावा, मोठा गिअर टाकावा आणि थोडी रेस देऊन पेडल सोडावे. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच पकडतो आहे. फिरतच राहिले तर घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केल्यास तीच प्लेटला मारते.

प्लेट बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागतो. मजुरी एकदाच पडते, म्हणून त्याच वेळी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील पाहून घ्यावे. तेल गळत असताना नवी प्लेट टाकणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे. आतली धूळ तोंडाने फुंकू नये, हवा मारून उडवूही नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहणार असेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते. कित्येक ट्रॅक्टरांना पेडल दाबून अडकवून ठेवण्यासाठी आकडा दिलेला असतो, तो याचसाठी. तो वापरावा.

ज्यांच्या घरी जीप किंवा मोटार आहे त्यांनाही हेच नियम लागू आहेत. पहिल्याच गिअरात उठावे, चढावर हँडब्रेक लावावा, गिअर पडल्यावर डावा पाय पेडलवरून काढून खाली ठेवावा.

यंत्राचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे असल्यास आपल्या सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुदनी येथे केंद्र सरकारची १९५५ साली सुरू झालेली ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था आहे, आणि अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. मुलांना व ड्रायव्हरांना तेथील प्रशिक्षणाची चौकशी करण्यास सांगावे.

तोडपाळीची चिठ्ठी हाती पडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरची मोकळी चाल तपासून घ्यावी, आणि ट्रॉली भरताना चालवणाऱ्याचे मतही एकदा विचारावे, अशी आमची सर्व सभासदांना आग्रहाची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी