सायकलमार्ग आणि प्रांताचा कायदा

ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीची गतिज ऊर्जा ताशी ३० किलोमीटर वेगाच्या त्याच मोटारीच्या सुमारे पावणेतीन पट असते. कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोटार व सायकल यांच्यामध्ये आडोसा हवा, तो याचकरिता.

कॅनडातील टोरांटो नगराने ब्लूर, यंग व युनिव्हर्सिटी या रस्त्यांवर असे संरक्षित सायकलमार्ग आखले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑन्टारिओ प्रांताने कायदा करून ते उखडण्याचे ठरविले. कोंडी फोडणे हा त्यामागील उद्देश सांगण्यात आला. उद्देश वाजवी खरा. परंतु मोकळ्या झालेल्या जागेत नव्या मोटारी येतात व कोंडी पुन्हा होते, हा वाहतूकशास्त्राचा जुना अनुभव होय.

सायकलस्वारांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. ३० जुलै २०२५ रोजी प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला, की मार्ग काढल्याने कोंडी हटेल असा पुरावा नाही, जीविताचा धोका मात्र वाढतो. म्हणून हे कृत्य हक्कांच्या सनदेतील सातव्या कलमाचा भंग करते. निकाल नगराच्या स्वायत्ततेवर उभा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. कॅनडात नगरपालिकांचे अधिकार प्रांताच्या कायद्यातूनच येतात. प्रांत सरकारने या निर्णयाविरुद्ध अपील केले.