संहिता छापली, आराखडा हरवला

छापील मराठी नाटकाच्या सुरुवातीच्या पानांवर पहिल्या प्रयोगाची माहिती देण्याची आपली जुनी आणि चांगली पद्धत आहे. तारीख, नाट्यगृह, संस्था, कलावंत आणि त्यांच्या खाली नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, पार्श्वसंगीत यांची नावं. पान उलटलं की पहिला अंक सुरू. नेपथ्यकाराचं नाव वाचकाला कळतं. त्याने दार कुठे ठेवलं होतं, मधली लेव्हल, म्हणजे चौथरा, किती उंच होती, जिना कोणत्या विंगेकडे वळत होता, हे मात्र कळत नाही. लेखकाच्या रंगसूचनेतला दिवाणखाना प्रत्यक्षात कसा उभा राहिला, याचं ज्ञान बहुतेक वेळा सेट गोदामात गेला किंवा त्याची फळकुटं दुसऱ्या नाटकाला लागली की संपतं. ग्राउंड प्लॅन (नेपथ्याचा मापांसह नकाशा), लाइट प्लॉट (दिव्यांच्या जागांचा नकाशा) आणि क्यू शीट (प्रकाशबदलांची क्रमवार नोंद) हीसुद्धा नाटकाची संहिताच आहे, आणि लेखकाची संहिता जशी कोणालाही विकत घेऊन वाचता येते तशी तीही वाचायला मिळाली पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

मराठी रंगभूमीला याची गरज इतरांहून जास्त आहे, कारण आपलं व्यावसायिक नाटक एका जागी राहत नाही. दादरचं शिवाजी मंदिर, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि मग जिल्ह्याच्या गावचं एखादं सभागृह. प्रत्येक ठिकाणी रंगमंचाची रुंदी वेगळी, खोली वेगळी, विंगांची जागा वेगळी. तोच सेट गाडीत मावला पाहिजे, काही तासांत लागला पाहिजे, प्रयोगानंतर तितक्याच झपाट्याने उतरला पाहिजे आणि तरीही प्रेक्षकाला ते खरं घर वाटलं पाहिजे. घडी होणारे फ्लॅट, सुटा होणारा जिना, लहान रंगमंचावर कोणता तुकडा वगळायचा याचा आधीच केलेला विचार, या सगळ्यातून एक अस्सल देशी अभियांत्रिकी तयार झाली आहे. ती आज मुख्यतः बॅकस्टेजच्या माणसांच्या हातात आणि डोक्यात आहे. त्यातला एखादा माणूस निवृत्त झाला की पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून शोध लावावा लागतो. सुतारकाम नसलेल्या दृश्यरचनेची गोष्ट तर आणखी नाजूक. 1972 साली प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांची रांग हाच पडदा होता, भिंत होती. संहितेत तो पडदा आहे. पण जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात आणि कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचनेत ती रांग कधी वळायची, दोन माणसांत किती अंतर ठेवायची, हे कागदावरच्या संवादांतून कसं उमगणार?

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आता चित्रीकरण होतं, फोटो असतात, मग नकाशे कशाला? चित्रीकरण मोलाचं आहेच, पण कॅमेरा उजेड स्वतःच्या हिशोबाने वाचतो. डोळ्यांना दिसलेला अंधूक कोपरा पडद्यावर एकतर काळा होतो, नाहीतर नको तितका उजळ. फ्लॅटच्या मागचे टेकू त्यात दिसत नाहीत, मापं कळत नाहीत, दिवा कुठून टाकला होता हे ओळखता येत नाही. 1959 साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’साठी तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत शिरणारं पाणी केवळ प्रकाशातून उभं केलं. त्या दृश्याचं कौतुक अजून होतं. पण शिकणाऱ्याला हवी असते ती दिव्यांची जागा, कोन आणि क्रम. शिवाय साधनं बदलतात. हॅलोजनचा दिवा मंद होताना तांबूस होत विझतो, साधा एलईडी तसा विझत नाही. म्हणून जुन्या क्यू शीटवरचे प्रखरतेचे नुसते टक्के पुरेसे नाहीत. कोणता दिवा होता, त्यावर कोणतं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, होतं आणि त्या क्षणी काय भासायला हवं होतं, हेही शेजारी लिहिलेलं असावं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आराखडे उघडे केले तर सगळे नक्कल करतील. जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेख्तला हाच प्रश्न विचारला गेला होता. 1948 साली स्वित्झर्लंडमधल्या कूर इथे त्याने ‘अँटिगनी’ केलं. कास्पार नेहरचं नेपथ्य आणि रूथ बेर्लाऊची छायाचित्रं यांसह त्या प्रयोगाची नोंद पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. इतरांनी ती वापरावी आणि वापरताना बदलावी, अशीच त्याची अपेक्षा होती. मला ती पटते. एकच छापील संहिता घेऊन शंभर दिग्दर्शक शंभर नाटकं करतात, तेव्हा लेखक संपत नाही. मग आराखडा वाचला गेल्याने नेपथ्यकार कसा संपेल? राहिली चोरीची भीती. ती खरी आहे आणि मानधनासाठी झगडणाऱ्या कलाकाराला ती वाटणं स्वाभाविक आहे. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा आणि आराखडा या कलाकृती आहेत, त्यांचं संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतं. नाट्यकृतीच्या व्याख्येत दृश्यरचनाही येते, मात्र तिचं रूप लिहून वा अन्य प्रकारे नोंदलेलं असेल तर. म्हणजे नोंद न ठेवणारा कलाकारच जास्त असुरक्षित राहतो. नावानिशी, तारखेनिशी प्रसिद्ध झालेला आराखडा हा त्याच्या हक्काचा पुरावा ठरतो. वाचायला देणं म्हणजे वापराची परवानगी देणं नव्हे. संहितेचे प्रयोग करायला लेखकाची परवानगी लागतेच ना!

खर्चाची सबब मला टिकणारी वाटत नाही. नेपथ्यकाराने कागदावर काढल्याशिवाय सुताराला माप मिळत नाही, आणि प्रकाशयोजनाकाराची क्यू शीट प्रयोगाला हाताशी असतेच. बहुतेक सामग्री तयार आहे. तिच्यावर प्रमाण, तारीख आणि नंतर झालेले बदल लिहायचे आहेत. त्यातही फसलेली गोष्ट जरूर लिहावी: कोणती लेव्हल पहिल्या काही प्रयोगांनंतर काढून टाकली आणि का, हे शिकणाऱ्याला देखण्या फोटोपेक्षा जास्त शिकवतं. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला आणि प्रकाशयोजनेला पारितोषिकं दिली जातात. ती मिळवणाऱ्या प्रत्येक नाटकाचा ग्राउंड प्लॅन आणि क्यू शीट, कर्त्याच्या संमतीने, शासनाने जतन करून सर्वांना पाहायला खुली करावी. प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीपासून श्रेयनामावलीनंतर एक पान नेपथ्याच्या नकाशाला द्यावं आणि त्या पानाचं मानधन नेपथ्यकाराला द्यावं.