स्मार्टफोनचा आवाज किमान पातळीच्याही खाली नेणे : ध्वनिशास्त्रीय आधार व उपलब्ध मार्ग

सारांश
स्मार्टफोनवरील आवाजाची पहिली पायरी ही ध्वनीची नैसर्गिक मर्यादा नसून रचनाकारांनी घेतलेला निर्णय आहे. शांत खोलीत, विशेषतः संवेदनशील इअरफोन वापरताना, ही पहिली पायरीसुद्धा गरजेपेक्षा मोठी ठरते. तिच्या खालची पायरी मात्र थेट शून्य, म्हणजे पूर्ण नि:शब्दता असते. प्रस्तुत लेखात या अडचणीची कारणे, तिचे अंकगणित आणि आवाज आणखी कमी करण्याचे मार्ग यांचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : डेसिबेल, श्रवणसीमा, ध्वनिक्षीणन, इअरफोन, ध्वनिपातळी.

१. प्रस्तावना
मोबाईल फोन व श्रवण या विषयावरील चर्चा बहुतांशी मोठ्या आवाजाच्या दुष्परिणामांभोवती फिरते. ती योग्यही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तास ८० डेसिबेल ही प्रौढांसाठी सुरक्षित श्रवणाची मर्यादा मानली आहे. युरोपीय संघात २०१३ पासून वैयक्तिक संगीतयंत्रांवर ८५ डेसिबेलच्या पुढे सूचना देणे बंधनकारक झाले. म्हणजेच आवाजाच्या वरच्या टोकाचा विचार नियमांनी केला आहे. खालचे टोक मात्र उत्पादकाच्या मर्जीवर राहिले.

वस्तुतः खालच्या टोकाची गरज अनेकांना भासते. रात्री झोपेपूर्वी व्याख्यान ऐकणारे प्राध्यापक, वसतिगृहाच्या सामाईक खोलीतील विद्यार्थी, तान्ह्या बाळाजवळ बसलेली माता, सामान्य आवाजही ज्यांना असह्य होतो असे रुग्ण, या सर्वांना आवाज 'बंद' नको असतो, 'अगदी हळू' हवा असतो. अशा वेळी फोन त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवतो : गरजेपेक्षा मोठा आवाज किंवा काहीच नाही. ही उणीव का निर्माण होते व ती कशी भरून काढता येते, हे तपासणे हा सदर लेखाचा उद्देश आहे.

२. डेसिबेल आणि मानवी श्रवण
ध्वनीची पातळी डेसिबेल या लघुगणकीय एककात मोजतात. २० मायक्रोपास्कल इतका ध्वनिदाब म्हणजे ० डेसिबेल होय. ध्वनिदाब दहापट झाला की पातळी २० डेसिबेलने वाढते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी मात्र सुमारे १० डेसिबेलची वाढ लागते. कुजबुज साधारणतः ३० डेसिबेलच्या आसपास असते, तर समोरासमोरचे नेहमीचे संभाषण ६० डेसिबेलच्या आसपास असते. चांगल्या झोपेसाठी शयनगृहातील सरासरी ध्वनिपातळी ३० डेसिबेलपेक्षा अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे. आपल्याकडील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री घराबाहेरची मर्यादा ४५ डेसिबेल आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दिवसा गजबजलेल्या रस्त्यावर जी पातळी ऐकूही येणार नाही, ती रात्री बंद खोलीत पुरेशी, किंबहुना जास्त ठरते. आवाज 'हळू' असणे हे केवळ फोनवर नव्हे, तर सभोवतालच्या शांततेवरही अवलंबून असते. फोनवरील पायऱ्या मात्र दोन्ही ठिकाणी त्याच राहतात.

३. पहिली पायरी मोठी का वाटते?
अँड्रॉइड प्रणालीच्या मुक्त स्रोत आवृत्तीत संगीत व चित्रफितींसाठी आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत. काही उत्पादक ही संख्या वाढवतात. आयफोनवर बटणाने १६ पायऱ्या मिळतात. विशेष म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ मांडणीत संभाषण व गजर यांची किमान पायरी ० नसून १ आहे. गजर चुकून बंद होऊ नये, हा त्यामागील हेतू होय. म्हणजे 'किमान' हा शब्द येथे ध्वनीच्या गुणधर्मावर नव्हे, तर वापराच्या हेतूवर ठरलेला आहे.

प्रत्येक पायरीला किती डेसिबेलची घट द्यायची, हे एका तक्त्याने ठरते. अँड्रॉइडच्या मूळ तक्त्यात माध्यमध्वनीसाठी १ टक्का या बिंदूला ५८ डेसिबेल, २० टक्क्यांना ४० डेसिबेल, ६० टक्क्यांना १७ डेसिबेल घट आहे आणि १०० टक्क्यांना घट शून्य आहे. उत्पादक आपापल्या यंत्रासाठी हा तक्ता बदलतात. मूळ तक्ता गृहीत धरला, तर १५ पैकी पहिली पायरी सुमारे ५३ डेसिबेल घटीवर आणि दुसरी सुमारे ४७ डेसिबेल घटीवर येते. या दोहोंमधील अंतर ६ डेसिबेलहून अधिक, म्हणजे सहज जाणवण्याइतके आहे. शिवाय पहिल्या पायरीच्या खाली काहीच नाही.

आता इअरफोनचा विचार करू. समजा, १६ ओहम रोध असलेल्या एका इअरफोनची संवेदनशीलता १ मिलिवॉटला १०५ डेसिबेल आहे आणि फोन कमाल १ व्होल्ट देतो. अशा वेळी इअरफोनला ६२.५ मिलिवॉट शक्ती मिळते. ती १ मिलिवॉटपेक्षा १८ डेसिबेलने जास्त असल्याने कमाल ध्वनिपातळी १२३ डेसिबेल होईल. त्यातून पहिल्या पायरीची ५३ डेसिबेलची घट वजा केली, तर ७० डेसिबेल उरतात. ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी त्याच्या शिखरापेक्षा १५ डेसिबेल खाली धरली, तरी कानाशी सुमारे ५५ डेसिबेल पोहोचतात. शयनगृहाची अपेक्षित शांतता ३० डेसिबेलची आहे. म्हणजे फोन ज्या पातळीला 'किमान' म्हणतो, ती या श्रोत्याच्या दृष्टीने २० ते २५ डेसिबेलने जास्त आहे. कमी संवेदनशील हेडफोन वापरणाऱ्याला तीच पायरी क्षीण वाटेल. पडद्यावरील आकडा हा कानापाशी पोहोचणाऱ्या आवाजाचे माप नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

४. आवाज कमी करण्याच्या जागा
ध्वनिमुद्रण ते कान या मार्गावर आवाज कमी करता येईल अशा प्रमुख चार जागा आहेत.

अ) ॲप्लिकेशनमध्ये : अनेक संगीत ॲप्समध्ये इक्वलायझर असतो. त्यातील सर्व पट्टे सारख्या प्रमाणात, उदाहरणार्थ १० डेसिबेलने, खाली आणले की स्वरांचा समतोल न बिघडता एकूण आवाज कमी होतो. स्पॉटिफायसारख्या सेवेत ध्वनिपातळीचे वेगवेगळे पर्याय असतात. त्यातील सामान्य पातळी −१४ व शांत पातळी −१९ एलयूएफएस असल्याने केवळ पर्याय बदलून ५ डेसिबेलची घट मिळते. मात्र ही घट त्या ॲपपुरतीच असते. त्याच वेळी येणारी सूचनेची घंटा किंवा दुसऱ्या ॲपमधील चित्रफीत पूर्वीच्याच पातळीवर वाजते. म्हणून फोनची मुख्य पायरीही खालीच ठेवावी.

आ) फोनच्या प्रणालीमध्ये : सॅमसंगच्या फोनवर त्याच कंपनीचे साउंड असिस्टंट हे ॲप वापरून पायरीचा आकार लहान करता येतो. त्यामुळे मूळ पहिल्या पायरीच्या खालीही काही टप्पे उपलब्ध होतात. आयफोनवर बटणाऐवजी कंट्रोल सेंटरमधील सरकपट्टी बोटाने सावकाश ओढल्यास बटणाच्या पहिल्या पायरीपेक्षा खालची पातळी मिळू शकते. शॉर्टकट्स या ॲपमध्ये आवाजाची टक्केवारी ठरवणारी कृती तयार करून ठेवणे हाही एक पर्याय आहे. बटणाची एक पायरी ६.२५ टक्क्यांची असताना येथे १ किंवा २ टक्के नेमता येतात.

इ) ब्लूटूथ जोडणीत : ब्लूटूथ इअरफोन व फोन यांचे आवाज अनेकदा एकत्र जोडलेले असतात. या जोडणीत ० ते १२७ अशा १२८ पातळ्यांची सोय आहे. परंतु फोन स्वतःच्या १५ पायऱ्याच त्यावर बसवत असल्याने मधल्या पातळ्या वापरल्या जात नाहीत. अँड्रॉइडमध्ये 'बिल्ड नंबर' या नोंदीवर सात वेळा बोट टेकवल्यास विकसकांसाठीचे पर्याय खुले होतात. त्यातील 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' हा पर्याय सुरू केल्यास फोनचा व इअरफोनचा आवाज परस्परांपासून स्वतंत्र होतो. मग इअरफोनवर स्वतःची बटणे असल्यास तेथे आवाज कमी करून फोनच्या पायऱ्या हव्या तशा वापरता येतात.

ई) तारेमध्ये : तारेच्या इअरफोनसाठी आवाजाची चकती असलेली जोडतार मिळते. तिचे कार्य विद्युतरोधाच्या साध्या तत्त्वावर चालते. १६ ओहमच्या इअरफोनला १४४ ओहमचा रोध एकसरीत जोडल्यास एकूण रोध १६० ओहम होतो. इअरफोनच्या वाट्याला विभवांतराचा दहावा भाग येतो आणि ध्वनिपातळी २० डेसिबेलने घटते. वरील उदाहरणात हाच रोध ५५ डेसिबेलला ३५ डेसिबेलपर्यंत आणतो. मात्र काही इअरफोनचा रोध स्वराच्या वारंवारतेनुसार बदलतो. अशा इअरफोनला एकसरीतील रोध जोडल्यास आवाजाचा पोत बदलतो. तेथे विभवांतर विभागणारी, कमी रोधाची जोडणी अधिक योग्य ठरते.

५. कोणती जागा श्रेयस्कर?
अंकीय पद्धतीने आवाज कमी करताना दर ६ डेसिबेलला साधारण एक बिट खर्च होतो. ५३ डेसिबेलची घट म्हणजे सुमारे ९ बिट. १६ बिटांच्या जुन्या रचनेत अशा वेळी जेमतेम ७ बिट उरत. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून ध्वनीचे मिश्रण ३२ बिटांच्या दशांश गणिताने करता येते. त्यामुळे गणनेतील हानी आता फारशी चिंतेची नाही. तथापि, फोनच्या विद्युत परिपथाचा स्वतःचा सूक्ष्म सुस्कारा शिल्लक राहतोच. ॲप किंवा प्रणालीत आवाज घटवला, तर गाणे कमी होते, पण हा सुस्कारा कमी होत नाही. तारेत घट केली, तर दोन्ही एकाच प्रमाणात कमी होतात. म्हणून अत्यंत संवेदनशील इअरफोनसाठी तारेतील क्षीणन गुणवत्तेच्या दृष्टीने सरस ठरते. इतरांसाठी ॲप किंवा प्रणालीतील विनाखर्च उपाय पुरेसे आहेत.

तारेतील उपायाबाबत एक दक्षता आवश्यक आहे. क्षीणक जोडल्यावर श्रोता फोनची पायरी सहजच वर नेतो. पुढे कोणी क्षीणकाविना तोच इअरफोन लावला, तर आवाज एकाएकी २० डेसिबेलने मोठा येतो. म्हणून तार काढण्यापूर्वी फोनची पायरी खाली आणण्याची सवय ठेवावी.

६. हळू ऐकण्याच्या मर्यादा
आवाज कमी केला की सर्व स्वर सारख्याच प्रमाणात कमी झाल्यासारखे वाटत नाहीत. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये समश्रवण रेषांच्या साहाय्याने हे दाखवून दिले. आज आयएसओ २२६ या मानकात त्याची सुधारित मांडणी आढळते. १००० हर्ट्झचा स्वर २ ते ३ डेसिबेललाही ऐकू येतो, तर १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे २६ डेसिबेल लागतात. त्यामुळे आवाज घटवत नेल्यास खर्जाचे स्वर प्रथम श्रवणसीमेखाली जातात. काळी एक पट्टीतील षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूलस्वर त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. रात्री अगदी हळू लावलेल्या मैफिलीत गायकाचा कंठ स्पष्ट राहतो, परंतु डग्ग्याची घुमार व खर्जाचा भरणा हरवतो, याचे कारण हेच होय. भाषणाचे आकलन प्रामुख्याने वरच्या वारंवारतांवर अवलंबून असल्याने व्याख्याने मात्र हळू आवाजातही चांगली समजतात. संगीतासाठी इक्वलायझरमध्ये खालचे पट्टे इतरांपेक्षा थोडे कमी घटवणे उपयुक्त ठरते.

दुसरी मर्यादा वैद्यकीय आहे. सामान्य आवाजही ज्यांना त्रासदायक होतो, त्यांना हळू आवाज तात्पुरता दिलासा देतो. परंतु कानाला सतत शांततेतच ठेवल्याने ही संवेदनशीलता वाढण्याचा संभव असतो. त्यामुळे अशा व्यक्तींनी स्वतः उपाय करत राहण्याऐवजी कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला घेणे इष्ट होय.

७. समारोप
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) फोनवरील किमान आवाज हा एका तक्त्यातील आकडा आहे. इअरफोन व परिसर बदलला की त्याचा अर्थ बदलतो.
२) प्रथम ॲप व प्रणालीतील उपाय, नंतर ब्लूटूथची स्वतंत्र जोडणी आणि सुस्कारा जाणवत असल्यास तारेतील क्षीणक, असा क्रम व्यवहार्य आहे.
३) आवाज घटवताना खर्ज प्रथम हरपतो, ही कानाची प्रकृती आहे. तो फोनचा दोष नव्हे.
४) सुरक्षित श्रवणाच्या धोरणांत कमाल मर्यादेइतकाच किमान मर्यादेचाही विचार व्हावा. ज्याला हळू ऐकायचे आहे, त्याला तशी सोय नसणे म्हणजे त्याला गरजेपेक्षा मोठा आवाज ऐकण्यास भाग पाडणे होय.

पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एकसरी रोधाचे वरील उदाहरण सहज करून दाखवता येईल. विद्यार्थ्याच्या हातात रोज असणाऱ्या यंत्रातून ओहमचा नियम, लघुगणक व श्रवणविज्ञान यांचा परस्परसंबंध त्याला उलगडेल आणि स्वतःच्या कानांची काळजी घेण्याची दृष्टीही लाभेल.