इको स्लॅमच्या आधीचे दहा सेकंद
अर्थशेकर सपोर्टबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोटा टूच्या सामन्यात चौघांनी आपापले हिरो उचलले की उरलेल्या पाचव्याच्या गळ्यात सपोर्ट पडतो. त्याने अर्थशेकर घेतला तर बाकीचे खूश होतात, कारण त्याचा जमीन हादरवणारा इको स्लॅम बघायला सगळ्यांनाच आवडतो. मग पंधराव्या मिनिटाला हा गडी अंधारातून उडी मारतो, दोघांना हादरवतो, तीन सेकंदांत मरतो आणि चॅटवर जुंपते. ‘फॉलो का नाही केलंत?’ ‘तुला उडी मारायला सांगितलं कोणी?’ भांडणारे दोघेही मनापासून भांडत असतात. घोळ असतो तो या कामाबद्दलच्या त्यांच्या समजुतींत.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर पाच विरुद्ध पाच, एक नकाशा, तीन लेन आणि शेवटी समोरच्यांचा ‘एन्शंट’ पाडायचा. संघातल्या जागा एक ते पाच अशा मोजतात आणि हा क्रम सोन्यावरच्या हक्काचा असतो. एक नंबर म्हणजे कॅरी, त्याला सगळ्यात जास्त. चार आणि पाच नंबर सपोर्ट, त्यांना उरलंसुरलं. लढाईला तोंड फोडणाऱ्याला इनिशिएटर म्हणतात. अर्थशेकर चार नंबरवर खेळताना हे काम खिशात फारसे पैसे नसताना करतो, आणि गैरसमजांची सुरुवात तिथूनच होते.

‘सगळ्यात आधी घुसतो तो इनिशिएटर’

सगळ्यात आधी दिसतो तो बहुतेक वेळा फक्त बळी असतो. अर्थशेकरचं मुख्य हत्यार ब्लिंक डॅगर. त्याने एका क्षणात १२०० युनिट अंतर पार करता येतं, पण समोरच्या हिरोकडून जरासा मार बसला तरी तो तीन सेकंद बंद पडतो. म्हणजे व्हेनोमॅन्सरच्या विषाचा एक थेंब अंगावर असला तरी तुमची उडी गेली. म्हणून चांगला अर्थशेकर लढाईच्या आधी नकाशावर जवळपास नसल्यासारखाच असतो. तो झाडांच्या मागे, उंचवट्यावर उभा राहतो, कारण खालच्या सपाटीवरून वरचं दिसत नाही. समोरच्यांना तो शेवटचा कधी दिसला होता हे त्याला माहीत असतं. कॅरीच्या शेजारी उभं राहून टॉवरवर घाव घालणारा अर्थशेकर संघाला मदत करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो आपला ठावठिकाणा फुकट सांगत असतो. तो दिसत नाही एवढ्यानेच समोरचे पाच जण एकमेकांपासून लांब लांब चालायला लागतात, हाही त्याचाच परिणाम, आणि स्कोअरबोर्डवर तो कुठे नोंदला जात नाही.

स्मोक ऑफ डिसीट याच कामाचा. त्याच्या धुरातला संघ समोरच्यांच्या वॉर्डना, म्हणजे टेहळणीसाठी लावलेल्या डोळ्यांना, दिसत नाही; शत्रूच्या हिरोच्या किंवा टॉवरच्या साधारण हजार युनिट जवळ गेलं की धूर फुटतो. ब्लिंकचा पल्ला १२००. हे दोन आकडे शेजारी ठेवले की धूर फुटण्याआधी उडी का बसते ते कळतं.

‘पाच जण सापडल्याशिवाय इको मारायचा नाही’

ही समजूत यूट्यूबवरच्या क्लिपांनी पसरवली. पाच जणांवर बसलेला इको पुन्हा पुन्हा दाखवला जातो. एकाच हिरोवर मारलेला आणि त्यामुळे सामना जिंकून देणारा इको कोणी कापून ठेवत नाही.

मुळात इको स्लॅमचा हिशेब हिरोंच्या डोक्यांवर चालतच नाही. धक्का बसलेला शत्रूचा प्रत्येक जीव आपल्या आजूबाजूला एक लाट सोडतो, साधा क्रीपसुद्धा, म्हणजे लेनमधून चालणारं संगणकाचं प्यादं. खरा हिरो असेल तर दोन. म्हणजे शत्रूचा एकटा मिड, म्हणजे मधल्या लेनचा, खेळाडू आपल्या ताज्या क्रीपच्या लाटेत उभा असेल, तर पाच जणांची वाट बघण्यापेक्षा तिथेच त्याचा निकाल लावता येतो. फँटम लान्सरची प्रतिबिंबं, नेचर्स प्रॉफेटची झाडं, ब्रूडमदरची पिल्लं, एकाच वेळी अनेक देहांनी फिरणारा मीपो, हे सगळे अर्थशेकर दिसला की का कुरकुरतात तेही यातच आलं. त्यांची ताकद गर्दीत आहे आणि इकोला गर्दीच हवी असते.

उलट बाजूने, पाच जण सापडले पण त्यांतल्या दोघांनी आधीच बीकेबी, म्हणजे ब्लॅक किंग बार, चालू केली असेल तर त्या दोघांना तुमच्या स्टनचं, म्हणजे जागीच खिळवण्याचं, काहीच होत नाही. दिसायला पाच, कामाला तीन. बीकेबीचा कालावधी वापरागणिक घटत जातो आणि पुन्हा वापरायला मिनिटभरापेक्षा जास्त थांबावं लागतं. त्यामुळे एखादी फिशर, म्हणजे लांबूनच स्टन देणारी भिंत, टाकून समोरच्या कॅरीला घाबरवून बीकेबी खर्च करायला लावणं आणि मागे हटणं हीही इनिशिएशनच. त्या लढाईत कोणी मरत नाही. पुढची मात्र तुमची असते.

‘सगळे स्टन एकदम ओतायचे’

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं आणि ते दिसत नाही.

डोटामध्ये एकाच वेळी लागलेल्या दोन स्टनची बेरीज होत नाही. दीड सेकंदाचा स्टन चालू असताना दुसरा दीड सेकंदाचा टाकला तर तीन सेकंद मिळत नाहीत. जो उशिरा संपणार तेवढाच उरतो. अर्थशेकरच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. त्याच्या आफ्टरशॉक या अंगभूत गुणामुळे तो कोणतंही जादूचं अस्त्र वापरो, जवळच्यांना स्टन बसतोच. पूर्ण पातळीला तो सुमारे दीड सेकंदाचा. (व्हॉल्व्ह, म्हणजे खेळाची निर्माती कंपनी, दर काही महिन्यांनी आकड्यांना हात लावतं, त्यामुळे आपल्या पॅचमधला आकडा एकदा तपासून घ्या.)

आता घड्याळ लावून बघू. ब्लिंक मारली आणि लगेच इको. इको स्लॅमला हात उचलण्याचा वेळ लागत नाही, बटण दाबताक्षणी तो होतो, म्हणून तर समोरच्याला उत्तर द्यायला सवड मिळत नाही. स्टन शून्यावर सुरू झाला, दीडवर संपणार. त्याच्या दुसऱ्या अस्त्राला, एन्चंट टोटेमला, मात्र सुमारे ०.७ सेकंद लागतात. घाईत लगेच टोटेम दाबलं तर ते ०.७ला बसतं आणि नवा स्टन २.२ला संपतो. तेच टोटेम ०.७ सेकंद थांबून दाबलं तर १.४ला बसतं आणि स्टन २.९पर्यंत चालतो. हिरो तोच, अस्त्रं तीच, खर्च तोच, आणि नुसतं थांबल्याबद्दल संघाला पाऊण सेकंदाच्या आसपास जास्त वेळ मिळाला. त्यानंतर फिशर, त्यालाही हात उचलायला तेवढाच वेळ. ही साखळी नीट जोडली तर समोरचे चार सेकंदांहून जास्त काळ खिळून राहतात. एकावर एक ओतली तर तीनच्या आत मोकळे होतात.

हेच संघाला लागू. तुमच्या बाजूला लायन असेल आणि त्याने तुमच्या इकोच्या क्षणीच आपला अर्थ स्पाइक टाकला, तर त्याचा स्टन वाया गेला. त्याला आधीच सांगायला हवं, ‘माझं संपत आलं की तू टाक.’ एवढं एक वाक्य बोलायला लोक का लाजतात कळत नाही. सामना हरल्यावर पंधरा वाक्यं बोलतात.

‘हात जलद हवेत’ हा याच कुटुंबातला गैरसमज. बोटं चपळ असलेली चांगलीच, पण वर बघितलंत ना, चपळ बोटांनीच साखळी तुटली.

‘तो ऐतिहासिक इको एकट्याने जिंकून दिला’

८ ऑगस्ट २०१५, सिएटलचं कीअरीना, ‘द इंटरनॅशनल’ या डोटाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना, इव्हिल जीनियसेस विरुद्ध चीनचा सीडीईसी. चौथ्या गेममध्ये सीडीईसीचे खेळाडू रोशन या नकाशावरच्या बलाढ्य राक्षसाच्या गुहेजवळ एकमेकांना चिकटून असताना युनिव्हर्स या नावाने खेळणाऱ्या साहिल अरोराने अर्थशेकरची उडी मारली. इको बसला, सीडीईसीचा संघ कोलमडला, गेम गेला आणि इव्हिल जीनियसेसने सामना ३-१ असा जिंकला. विजेत्यांचं बक्षीस ६६ लाख डॉलरच्या आसपास होतं, म्हणून चाहते आजही त्याला सहा दशलक्ष डॉलरचा इको म्हणतात.

अर्थशेकर शिकणारा प्रत्येक जण ती चित्रफीत बघतो, आणि बहुतेक जण चुकीच्या माणसाकडे बघतात. जवळजवळ त्याच क्षणी त्या गर्दीवर एन्शंट अ‍ॅपरिशनचा आइस ब्लास्ट येऊन पडला होता. तो टाकला होता संघाचा कर्णधार पीपीडी, म्हणजे पीटर डॅगर याने, आणि तो सपोर्ट खेळत होता. आइस ब्लास्ट लागलेल्याची तब्येत कशानेच भरून येत नाही आणि ती ठरावीक टक्क्यांखाली गेली की तो जागीच फुटतो. इकोने तब्येत खाली आणली आणि बर्फाने वर यायचा रस्ता बंद केला. इको अर्थातच अप्रतिम होता. पण एकट्या उडीला इतकी किंमत आली नसती.

दुसरी बारीक गोष्ट म्हणजे युनिव्हर्स त्या दिवशी सपोर्ट नव्हताच. तो तीन नंबरवर, ऑफलेनला होता. त्याला चार नंबरपेक्षा जास्त सोनं आणि जास्त लेव्हल मिळतात. सपोर्ट अर्थशेकर कसा खेळावा हे पाहायचं असेल तर फिनलंडच्या जेरॅक्सच्या गेम बघाव्यात. २०१८ला व्हँकुव्हरमध्ये आणि २०१९ला शांघायमध्ये ‘द इंटरनॅशनल’ जिंकलेल्या ओजी संघाचा तो चार नंबर. इकोपेक्षा त्याच्या फिशर बघा.

‘ब्लिंक येईपर्यंत अर्थशेकर बिनकामाचा’

फिशर स्टन देते आणि काही सेकंद भिंतही उभी करते, तीही लांबूनच. पळणाऱ्याच्या पुढे टाकली तर रस्ता बंद, मदतीला येणाऱ्यांच्या आडवी टाकली तर पाच विरुद्ध पाचची लढाई पाच विरुद्ध दोनची होते. मात्र हीच भिंत आपल्या कॅरीपुढे उभी राहिली तर समोरच्याचा जीव वाचवल्याचं पुण्य तुमच्या खात्यात. नवख्यांच्या निम्म्या फिशर तशाच जातात. टाकण्याआधी स्वतःला एकच विचारायचं, या भिंतीच्या पलीकडे माझं कोण राहतंय?

‘सपोर्टला सोनं लागत नाही’

ब्लिंक डॅगर २२५० सोन्याला येतो. तो पंधराव्या मिनिटाला आला की तिसाव्या, यावर अर्थशेकरचा अख्खा खेळ उभा असतो. कॅरीचे क्रीप चोरा असं याचा अर्थ होत नाही. ज्या लेनमध्ये आपलं कोणीच जाऊ शकत नाही तिथली क्रीपची लाट फिशर आणि टोटेमने उरकायची आणि लगेच गायब व्हायचं. जंगलातला प्राण्यांचा कॅम्प दर मिनिटाला पुन्हा भरतो, पण तो रिकामा दिसला तरच. म्हणून मिनिट भरायला पाच-सात सेकंद असताना आतल्यांना चिथवून बाहेर ओढलं की जागेवर दुसरी तुकडी येते. कॅरीने ती ढीगभर शिकार मारली की रचणाऱ्यालाही त्यातला हिस्सा मिळतो. वॉर्ड लावायचेच आहेत, पण ते शेत राखायला लावायचे नसून पुढची उडी कुठून मारायची ते ठरवायला लावायचे.

‘सपोर्ट मेला तर मेला’

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त महागात पडतं. तुमच्या बदल्यात समोरचा कॅरी पडला, किंवा टॉवर मिळाला, तर सौदा चांगला. पण रोशनच्या दाराशी तुम्ही लढाईआधीच एकटे सापडून मेलात तर संघाकडे इनिशिएशनच उरत नाही, आणि समोरच्यांना मनसोक्त दाटीवाटीने उभं राहता येतं. एकट्याने मारलेली उडीही अशीच वाया जाते: कबड्डीत कोपरारक्षकाने घोटा धरला आणि बाकीची साखळी हलली नाही, तर चढाईपटू त्याला ओढत रेषेपार घेऊन जातो. कोपरारक्षक म्हणूनच आधी साखळीकडे बघतो. अर्थशेकरनेही तसंच करायचं. आपला कॅरी दोन स्क्रीन लांब क्रीप मारतोय, मिडची माना, म्हणजे अस्त्रं वापरायची शक्ती, संपलीय, अशा वेळी समोर कितीही मोहक गर्दी दिसली तरी सोडून द्यायची. सोडून दिलेल्या उड्यांची गणती कोणी करत नाही. माझ्या मते अर्थशेकरचा दर्जा त्यांच्यावरूनच ठरतो.

हे सगळं एका खेळापुरतं नाही. लीग ऑफ लेजंड्समधली लिओना किंवा नॉटिलस, किंवा जून २०२०मध्ये भारतात बंदी आलेल्या मोबाइल लेजंड्समधला टिग्रियल, ही पात्रं खेळणाऱ्या सपोर्टचाही प्रश्न हाच असतो: मी धरला तर मारणार कोण? आपल्याकडेही हा खेळ आता नवखा राहिलेला नाही. एप्रिल २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन ही डोटाची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या पहिल्या राष्ट्रकुल ईस्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक आणलं.

पुढच्या वेळी हरलात तर चॅटवर उत्तर देण्याऐवजी रिप्ले उघडा. इको नका बघू, त्याच्या आधीचे दहा सेकंद बघा. तुम्ही समोरच्यांना दिसत होता का, त्यांच्या कॅरीची बीकेबी शिल्लक होती का, आणि तुमचा कॅरी तुमच्या उडीपासून किती लांब होता. या तिन्हींची उत्तरं मिळाली की मग ठरवा दोष कोणाचा ते.