आत राहिलेला कागद

माझ्या शिवणाच्या डब्यात सध्या सतरा लग्नपत्रिका आहेत. लग्नं होऊन गेली, आता पत्रिकांचे षटकोन होताहेत. एक इंच बाजूचा पत्र्याचा साचा पत्रिकेवर ठेवायचा, टोकदार पेन्सिलीने रेघ मारायची आणि रेघ कचऱ्यात जाईल असं आतून कापायचं. रेघ कागदावर राहिली तर तेवढ्यानेही तुकडा मोठा होतो. ती चूक लगेच दिसत नाही, चौथ्या-पाचव्या ओळीत वर येते आणि मधलं कापड फुगायला लागतं.

मग कागदापेक्षा चहूबाजूंनी पाव इंच मोठा कापडाचा तुकडा घ्यायचा, कागद त्याच्या उलट्या बाजूवर मधोमध ठेवायचा, कड दुमडून घट्ट ओढायची आणि कच्च्या दोऱ्याने टाचायची. सहा बाजू, सहा कोपरे. असे दोन तुकडे सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवले की कडेला कड अशी बसते, की नखालाही फट लागत नाही. त्या कडेवरून बारीक तिरपे टाके घालत जायचं. सुईने दुमडीतले दोन-तीन धागेच उचलायचे; ती कागदाला लागली की बोटाला लगेच कळतं. तुकड्याच्या सहाही बाजू शेजाऱ्यांना जोडल्या गेल्या, की टाचलेला दोरा उसवून कागद मागून काढून घ्यायचा. कापड आकार धरून राहतं. कागद पुन्हा दुसऱ्या तुकड्याला वापरायचा.

याला जगभर इंग्लिश पेपर पीसिंग म्हणतात. यात मशीन नाही, टेबल नाही, जागाही फारशी लागत नाही. सुई, दोरा, कात्री, अंगुस्तान, कागद आणि चिंध्या. इतक्या साध्या गोष्टीने तीनशे वर्षं लोकांना का धरून ठेवलं, हे शोधत गेले आणि प्रत्येक वेळी उत्तर त्या कागदापाशीच सापडलं.

आमच्याकडची गोधडी डोळ्याने शिवली जाते. माझी आजी ओसरीवर जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, हाताला लागेल ते वजन ठेवायची आणि काठापासून धावदोरा घालत आत आत सरकायची. रेघ नाही, माप नाही. ओळ कुठे वळवायची ते हात ठरवायचा. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच काठाकडून मध्याकडे जाते, ठिगळं आणि थर एकाच टाक्यात बसवत. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, ते पाहताना जाणवतं की या कामात हाताचा वळसा हीच सही असते. पण अशा शिवणीला सरावलेला हात लागतो, अंथरायला जमीन लागते, आणि अंथरलेलं तसंच राहील इतका सलग वेळ लागतो.

कागदावरच्या शिवणीचं याच्या उलट आहे. माप हाताने सांभाळायचं नाही, कागद सांभाळतो. कापड ओढलं की वाकडं होतं, तिरप्या विणीवर तर लगेच ताणलं जातं. कागद ते होऊ देत नाही. हा कापडाला दिलेला उसना ताठपणा आहे. गरज संपली की परत घेता येतो. म्हणून ज्याचा हात थरथरतो, ज्याने आधी सुई धरलेली नाही, ज्याला एका वेळी दहाच मिनिटं मिळतात, अशा माणसालाही नेमकं काम करता येतं.

या पद्धतीचा ब्रिटनमधला सर्वात जुना, तारीख असलेला ज्ञात नमुना 1718 सालचा आहे. तो रेशमी तुकड्यांचा पलंगपोस आहे, त्यावर ते साल आणि ‘ई एच’ ही आद्याक्षरं आहेत. ‘ई एच’ म्हणजे कोण, याचं नाव उरलेलं नाही. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्ड या संस्थेने तो 2000 साली घेतला. त्याच्या उलट्या बाजूला कागद अजून आत आहेत. हाताने लिहिलेले कागद, कापून आकार दिलेले, कापडात तीनशे वर्षं अडकलेले. त्या काळी कागद महाग. म्हणून पत्रं, हिशेब, पोरांचे गिरवलेले कित्ते, जे हाताशी येईल ते कापलं जायचं. पुढे अनेक घरांतल्या अर्धवट राहिलेल्या पलंगपोसांत असेच कागद सापडले. त्यांवर तारीख असेल तर अभ्यासकांना एवढं खात्रीने सांगता येतं, की काम त्या तारखेच्या आधीचं नाही. पत्र लिहिणाऱ्याने जपलं नाही, मिळालेल्याने जपलं नाही, ते शिवणाऱ्या बाईने कापून जपलं.

त्या काळच्या इंग्लंडात ज्या कापडाने घरोघरी वेड लावलं ते आपल्याकडचं होतं. ‘चिंट्झ’ हा शब्दच आपल्या छिटावरून गेला. या छापील सुती कापडामुळे तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचा धंदा बुडू लागला, तेव्हा संसदेने आधी आयातीवर बंदी घातली, आणि 1721 साली छापील सुती कापड नेसण्या-वापरण्यावरच कायद्याने बंदी आणली. ती 1774 पर्यंत टिकली. जे कापड इतकं हवंसं आणि इतकं अवघड, त्याचा तळहाताएवढा तुकडाही कोण टाकेल! एक इंचाचा षटकोन ही त्या तुकड्याला पुरेशी जागा होती.

कादंबरीकार जेन ऑस्टिन हिने आई आणि बहीण कॅसॅन्ड्रा यांच्यासोबत केलेला पलंगपोस चॉटनच्या तिच्या घरात आजही पाहायला मिळतो. त्यात षटकोन नाहीत, शंकरपाळ्यांसारखे तुकडे आहेत, मधोमध फुलांची परडी. 31 मे 1811 च्या पत्रात जेन बहिणीला विचारते आहे, की जोडकामासाठी तुकडे जमवायचं लक्षात आहे ना, कारण काम अडलंय. त्याच वर्षी तिची पहिली कादंबरी छापून आली. मला त्या पत्रातली निकड ओळखीची वाटते. निळ्याचे तुकडे संपले की मीही बहिणीला असाच फोन करते.

हे काम बायकांचंच, असं समजणाऱ्यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं एक पांघरूण पाहावं. फ्रान्सिस ब्रेली नावाच्या साध्या शिपायाने गणवेशांच्या लोकरी कापडाचे षटकोन जोडून ते केलं. 1860 आणि 70 च्या दशकांत त्याची पलटण हिंदुस्थानात होती. छावणीतल्या रिकाम्या दुपारी शिपायांनी दारूकडे वळू नये म्हणून सुईदोऱ्याला उत्तेजन दिलं जायचं. क्रिमियाच्या युद्धात जखमी झालेल्या टॉमस वॉकर नावाच्या शिपायाचं एक चित्र आहे: डोक्याला दुखापत, अंगावर रुग्णालयाचे कपडे, पलंगावर बसून तो लाल-काळे तुकडे जोडतो आहे. गणवेशाचं कापड जाड, घट्ट विणीचं. ते शिवताना सुई किती जोराने ढकलावी लागते, ते एकदा जुन्या कोटाचे चार तुकडे जोडून पाहिलं. संध्याकाळपर्यंत मधल्या बोटाला घट्टा पडला.

तुरुंगात आणि जहाजावरही हे काम पोचलं. एलिझाबेथ फ्राय या क्वेकर समाजसुधारक बाईंच्या संस्थेने इंग्लंडातून काळ्या पाण्यावर धाडल्या जाणाऱ्या कैदी बायकांना सुया, दोरा, कात्री, अंगुस्तान आणि दोन पौंड कापडी तुकडे द्यायची पद्धत घातली. एप्रिल 1841 मध्ये ‘राजा’ नावाचं जहाज 180 कैदी बायकांना घेऊन इंग्लंडहून निघालं आणि जुलैत टास्मानियातल्या होबार्टला लागलं. त्या प्रवासात 2,815 तुकड्यांचं एक पांघरूण तयार झालं. ते आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्याची रचना षटकोनी नाही, मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या अशी आहे, पण कामाचा वाटा कसा पडला असेल ते कळतं. काही टाके एकसारखे, मुंगीच्या पावलांचे. काही लांबट, अडखळलेले. शिवता येणाऱ्या आणि शिकत असलेल्या, दोघींना त्यात जागा होती.

या सगळ्यांत मला सर्वात जवळचं वाटतं ते सिंगापूरच्या चांगी तुरुंगातलं पांघरूण. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि हजारो युरोपीय नागरिक तुरुंगात गेले. बायका आणि मुलं एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. तिथे एलिझाबेथ एनिस या बाईंनी मुलींचं गाइड पथक सुरू केलं. आठ ते सोळा वर्षांच्या सुमारे वीस मुली. बाईंच्या वाढदिवसाला काहीतरी द्यायचं म्हणून त्या मुलींनी लपूनछपून षटकोनांची फुलं शिवायला घेतली. कापड मिळायचं ते फाटक्या फ्रॉकचं, दोरा उसवलेल्या कपड्यांचा. मध्ये एक षटकोन, भोवती सहा, आणि मधल्या तुकड्यावर शिवणारीचं नाव. हे पांघरूण लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

या पांघरुणावरून त्याच तुरुंगातल्या मोठ्या बायकांनी प्रत्येकी 66 चौकोनांची तीन पांघरुणं केली. एकेका बाईने एकेक चौकोन भरला, आपलं नाव घातलं. ही पांघरुणं रुग्णालयातल्या माणसांसाठी म्हणून पलीकडे गेली, आणि आपली बायको जिवंत आहे हे तिकडच्या नवऱ्याला तिच्या टाक्यांवरून कळण्याची सोय झाली. मला मात्र त्या गाइड मुलीच आठवत राहतात. आठ वर्षांच्या मुलीला सरळ शिवता येत नाही. पण सात षटकोनांचं फूल तिला जमतं, आणि ते इतर एकोणीस जणींच्या फुलांना बिनचूक जुळतं. कागद नसता, तर हे वीस हातांचं काम एका पांघरुणात बसलंच नसतं.

अमेरिकेत षटकोनाचा नमुना 1835 साली ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकात छापला गेला. शंभर वर्षांनी, मंदीच्या काळात, तोच ‘आजीची फुलबाग’ म्हणून घराघरांत पोचला. इलिनॉयमध्ये वाळूच्या खाणीत सुरुंगाचं काम करणाऱ्या अल्बर्ट स्मॉल नावाच्या माणसाने 1,23,200 षटकोनांचं एक पांघरूण शिवलं.

इंग्लंडात मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत मागे पडत चालली होती. तेव्हा तिला जपणारी दोन नावं ठळक आहेत. एक ॲव्हरिल कॉल्बी, जिचं ‘पॅचवर्क’ हे पुस्तक 1958 साली आलं. दुसरी लेखिका ल्यूसी बोस्टन. केंब्रिजजवळच्या हेमिंगफर्ड ग्रे गावात बाराव्या शतकातलं एक दगडी घर तिने 1939 मध्ये घेतलं. साठी उलटल्यावर, 1954 साली, त्या घरावरची तिची मुलांसाठीची ‘ग्रीन नो’ मालिका सुरू झाली. उन्हाळाभर ती बागेत राबायची आणि हिवाळ्यात शिवायची. तिचा लांबट षटकोनांचा क्रूसांचा पलंगपोस पाहिला, की छपाईचं कापड किती विचाराने कापता येतं ते कळतं. फुलांची वेल, रेघांची पट्टी, ठिपका, जे काही छापलेलं असेल ते चार तुकड्यांत आरशासारखं समोरासमोर येईल असं तिने कापलं आहे. कापड साधंच, चौकटीत बसल्यावर ते जाळीच्या खिडकीसारखं दिसतं. म्हातारपणी दृष्टी मंदावली तरी ती शिवत राहिली. 1990 साली, 97 व्या वर्षी ती गेली. 1995 मध्ये तिच्या सुनेने या कामावर पुस्तक केलं आणि नव्या पिढीच्या हातात पुन्हा कागद आला. 2013 मध्ये डच कलाकार विलिन हॅमरस्टाइन यांच्या पुस्तकातल्या ‘ला पासाकाग्लिया’ या नमुन्याने तर हजारोंना पंचकोन-त्रिकोणांच्या चक्रांत गुंतवलं.

आता माझा हिशेब सांगते. एका माणसाच्या पलंगाला, साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब, एक इंच बाजूचे साधारण दोन हजार षटकोन लागतात. प्रत्येकी सरासरी तीन शिवणी. म्हणजे सहा हजार इंच, दीडशे मीटरच्या वर. इंचाला बारा टाके धरले तर बहात्तर हजार टाके. हे आकडे घाबरवतात, पण कोणीच बहात्तर हजार टाके घालायला बसत नाही. एका बाजूचे बारा टाके घालायला बसतं. रिक्षा येईपर्यंत, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.

आईच्या आजारपणात आठवड्यातून दोनदा चार-चार तास रुग्णालयाच्या बाकावर काढावे लागत. वाचन होत नसे, फोनवर बोलावंसं वाटत नसे. पर्समध्ये चष्म्याच्या डबीत वीस टाचलेले तुकडे आणि एक सुई असायची. मला आईनेच शिकवलेली पहिली गाठ, दोरा मेणावरून ओढणं, ओल्या बोटाने टोक वळवणं, सगळं तिथे परत हाताला आलं. आई झोपेतून जागी झाली की तुकडे चाचपून बघायची आणि सांगायची, “हा रंग त्याच्याशेजारी नको गं.” तिचं बरोबर असायचं. मी उसवून बदलायचे.

कापडाची पारखही या कामातच शिकले. पुरुषांच्या शर्टाचं पॉपलीन या कामाला राजा. खणाचा धागा सुटतो, पाव इंचाच्या जागी अर्धा इंच ठेवावा लागतो. जॉर्जेट कागदावरून घसरतं. आणि आजीचं झिजलेलं लुगडं, जे गोधडीत चार थरांच्या आधाराने अजून वीस वर्षं टिकलं असतं, ते इथे एकट्या थरात टाक्यापाशीच विरतं. त्याचा एक षटकोन केला, फाटला. बाकीचं लुगडं घडी घालून ठेवलं आहे, त्याची गोधडीच होईल.

कागदाला आईची जुनी पोस्टकार्डं चालली असती. जाडी अगदी योग्य. एकदा कात्री हातात घेऊन बसलेही होते. पंधरा पैशांच्या कार्डावर, पत्त्याच्या बाजूलाही तिरप्या ओळी घालून तिने धान्याचे भाव आणि भावाच्या परीक्षेची तारीख लिहिली होती. कापवेना. तीनशे वर्षांपूर्वी पत्र कापणाऱ्या त्या बाईला हे कसं जमलं, की तिच्याकडे जपायला पत्राहून बरं दुसरं काहीच नव्हतं, असा विचार करत बसले. मग कपाटातून पत्रिकांचा गठ्ठा काढला.

पलंगपोस आता चार फूट झाला आहे. मधले कागद काढून झाले, त्यांच्यावर गणपती, अक्षता, विवाहस्थळ, ‘माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ यांचे अर्धे-पाऊण तुकडे आहेत. काठावरच्या तुकड्यांतले कागद अजून आत आहेत. त्यांच्या बाहेरच्या बाजू मोकळ्या आहेत.